सात प्रश्न, एक थाप

"सात प्रश्न," रेणू म्हणाली. "आणि एक थाप चालते. विचार."

ती आमच्या क्वार्टरसमोरच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती. हातात तिखटमीठ लावलेली कैरीची फोड. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी नुकतीच घरातून बाहेर आले होते, कारण आत पलंगावर जानू नव्हती.

"जानू कुठंय?"

"लपवलीय."

"कुठं?"

"तेच तर ओळखायचंय."

धाकटी जानू तेव्हा पावणेदोन वर्षांची होती आणि थोरली रेणू सात. जानूला दोन्ही बाजूंनी उशा लावून झोपवून मी ह्यांना फोन करायला बिनतारी खोलीत गेले होते. धरणाच्या वसाहतीत तो एकच फोन चालायचा. जाताना रेणूला म्हटलं होतं, हिच्यापाशी बस, हलू नकोस. वीस मिनिटांत परत आले तर पलंगावर नुसत्या उशा. मी पलंगाखाली बघितलं, दाराआड बघितलं, न्हाणीघरात बादल्यांमध्येसुद्धा बघितलं. बादल्यांमध्ये मी नेहमीच बघायचे.

वसाहतीत सोळा क्वार्टर होती. वरच्या ओळीत एक ते आठ, खालच्या ओळीत नऊ ते सोळा, मधे मुरमाचा रस्ता. आमचं अकरा नंबर. निम्मी रिकामीच, कारण धरण बांधून झाल्यावर माणसं बदलून गेली ती गेलीच. रिकाम्या घरांची पुढची दारं कुलपात असायची आणि मागची मोडलेली. खालच्या ओळीच्या मागून कालवा जायचा. त्या दिवशी बाराला भोंगा झाला होता, म्हणजे पाणी सोडलेलं होतं. बुधवार असल्यामुळे बायका खात्याच्या ट्रकमधून बाजाराला गेलेल्या. आणि तीनच्या एसटीनं कराडहून वन्सं यायच्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. जानूला न्यायला.

"कालव्याकडं नेली नाहीस ना?" मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

"नाही. हा प्रश्न मोजत नाही मी. खरं सांगतेय. सोळातल्या एका घरात आहे, झोपलीय, आणि तिला गार लागतंय."

मी तिच्या कानाकडे बघितलं. खोटं बोलताना रेणूचा डावा कान लाल होतो असं माझं मत होतं. ह्यांनी मला कितीदा सांगितलं होतं की तसं काही नाही. तरी मी रोज बघायचे.

"रेणू, आत्या यायची वेळ झालीय. जानूचं तोंड धुवायचंय, कपडे बदलायचेत. सांग पटकन."

"मग पटकन विचार ना."

हा खेळ तिला खैरमोडेकाकांनी शिकवला होता. काका बिनतारी यंत्रावर होते. कालव्याच्या दहा ठिकाणांहून पाण्याची उंची त्यांच्याकडे यायची आणि ते ती वहीत लिहायचे. प्रत्येक आकडा समोरचा माणूस दोनदा सांगायचा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज सांगायचा. "हवेत एखादा आकडा बिघडतोच, वहिनी," ते म्हणायचे. "बिघडणार असं धरूनच काम करायचं." सुट्टीत वसाहतीतली पोरं त्यांच्या पायरीवर जमली की ते म्हणायचे, एक ते सोळातला आकडा मनात धरा. मी हो-नाही विचारणार. सरळ उत्तरं दिलीत तर मला चार प्रश्न पुरतात. निम्मे, त्याचे निम्मे, त्याचे निम्मे, की आकडा हातात. पण तुम्हाला एक थाप मारायची मुभा दिली, कुठंही, कधीही, तर मला सात लागतात. थापेला तीन प्रश्न जास्त. आणि गंमत अशी की थाप मारलीच नाही तरी मला ती मारली असेल असं धरावंच लागतं.

माझं बी.एस्सी. गणितात झालेलं. मी ते हसून ऐकायचे आणि भांडी घासायला जायचे.

"विचारते," मी म्हटलं. "खालची ओळ?"

"हो."

"नऊ ते बारा?"

"हो."

"नऊ किंवा दहा?"

रेणूनं कैरी चोखली. "नाही."

"बारा?"

"नाही."

मी थांबले. मागे वळून दाराकडे बघितलं. दारावर पांढऱ्या रंगात अकरा लिहिलेलं होतं.

"अकरा म्हणजे आपलंच घर. मी आत्ता तिथूनच आले, रेणू."

"मला काय माहीत तू कुठून आलीस."

"म्हणजे थाप मारून झाली तुझी."

मी परत तिच्या कानाकडे बघितलं. कान लाल नव्हता, पण उन्हात सगळीच लाल दिसत होती.

मी चपला न घालता निघाले. थाप शेवटच्या उत्तरात असली तर बारा. बारा नंबर मुजावरभाभींचं, कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून बघितलं, आत नुसती वाळत घातलेली चादर. तिसऱ्या उत्तरात असली तर नऊ किंवा दहा. नऊ रिकामं. मागच्या दारानं आत गेले. एका खोलीत सिमेंटची फाटकी पोती, दुसऱ्या खोलीत कबुतरं. परसातल्या टाकीवरचं झाकण उचलून बघितलं. कोरडी होती. दहा नंबरच्या मागच्या दाराला आतून काहीतरी लावलेलं होतं, ते ढकलता ढकलता माझा तळहात खरचटला. आत कोणी नव्हतं. कालव्याचं पाणी अगदी भिंतीपलीकडून गेल्यासारखं ऐकू येत होतं.

मला त्या दिवसांत झोप नव्हती. दिवाळीनंतर जानूला तापात आकडी आली होती. डोळे वर, ओठ निळे. जीप मिळायला अर्धा तास आणि दवाखान्याला पोचायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत होतं असं, घाबरू नका. तेव्हापासून मी रात्री तीनचारदा उठून तिच्या नाकापुढे बोट धरायचे. दिवसा कालवा, विंचू, टाक्या, गॅसची नळी. सासूबाई म्हणाल्या, दोघी तुला झेपत नाहीत. हे म्हणाले, ताईचं घर दवाखान्यासमोर आहे. मी म्हटलं, बघू. आणि मग मीच जानूची बॅग भरली. रेणूला सांगितलं, दोन महिने आत्याकडे राहील, मे महिन्यात येईल.

दहा नंबरमधून रस्त्यावर आले तर वरच्या अंगाला बिनतारी खोलीच्या दारात खैरमोडेकाका उभे होते.

"वहिनी, अनवाणी कुठं फिरताय? पाय भाजतील."

मी सगळं एका दमात सांगितलं. ते पायरी उतरले, मग आतल्या यंत्राकडे बघून परत थांबले. अडीचचं रीडिंग यायचं होतं आणि पाणी सुटलेलं असताना ते खोली सोडू शकत नव्हते.

"प्रश्न किती झाले?" त्यांनी विचारलं.

"काका, मला पोरगी सापडत नाहीये."

"म्हणूनच विचारतोय. किती?"

"चार. अकरा आलं. आमचंच घर. म्हणजे चारातलं एक उत्तर खोटं आहे."

"कशावरून?"

"मी घर बघितलंय."

"तुम्ही घर बघितलं, पण पाचवा प्रश्न नाही विचारला." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघा. जानू अकरामध्ये नाही असं धरा. मग त्या चार उत्तरांत थाप झालीच, रेणूची एक संपली. आता जाऊन सरळ विचारा, अकराच का? नाही आली तर पुढं बघू, अजून दोन प्रश्न हातात आहेत. पण हो आली, तर ते हो खोटं असायला तिला दुसरी थाप लागेल. ती तिच्याकडं नाही."

"ती दुसरी मारेल की."

"रेणू? खेळात?" काका हसले. "घरात मारत असतील पोरं, वहिनी, सगळीच मारतात. खेळात नाही मारत. खेळ मोडला तर त्यांच्याकडं राहतं काय?"

आतून यंत्र खरखरलं. "जा तुम्ही," ते म्हणाले. "रीडिंग घेतलं की आलोच मी. आणि तिच्यावर ओरडू नका, उत्तर बिघडेल."

रेणू अजून कठड्यावरच होती. कैरी संपली होती, कोय हातात होती.

"रेणू, अकरा नंबर?"

"हो," ती म्हणाली. अजिबात न थांबता.

मी घरात गेले. या वेळी शोधत गेले नाही. जानू इथं आहेच असं धरून गेले, आणि ते वेगळं असतं. मधल्या खोलीत उभी राहून विचार केला, या घरात गार कुठं लागतं. मग स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली आम्ही ज्वारीची पोती ठेवायचो, पुढं जुन्या लुगड्याचा पडदा. पडदा सारला. पोती एका बाजूला ओढलेली होती. सात वर्षांच्या मुलीनं ती कशी ओढली असतील कोण जाणे. फरशीवर दुहेरी गोधडी, आणि तिच्यावर जानू, गुडघे पोटाशी, तोंड उघडं. भिंतीच्या बाजूला उशी लावलेली. मी लावते तशी.

मी खाली बसून तिच्या नाकापुढे बोट धरलं. मग तसंच धरून ठेवलं.

रेणू माझ्यामागे दारात येऊन उभी राहिली.

"थाप मारलीच नाहीस तू," मी म्हटलं.

"नाही लागली."

"मग लपवलीस कशाला?"

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि बोटं मोजली. "तुझे पाच झाले. दोन उरले. ते मी घेऊ?"

"म्हणजे?"

"आता मी विचारणार, तू सांगायचं. तुलाही एक थाप चालते."

घड्याळात पावणेतीन होत आले होते. चहाचं आधण ठेवायचं होतं, जानूला उठवायचं होतं. मी म्हटलं, "विचार."

"जानू मे महिन्यात परत येणार?"

"हो."

"शाळेत जायला लागली की माझ्या शाळेत येणार? माझ्याबरोबर?"

"हो, येणार की."

रेणू माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, कानाकडे. मी तिचं बघते हे तिला इतके दिवस माहीत होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "एकच चालते."

"काय?"

"दोन झाल्या तुझ्या. बॅगेत तिची लोकरीची टोपी आहे. मे महिन्यात यायचंय तर टोपी कशाला? आणि सुया टोचायचं कार्ड आहे. आणि तिच्या जन्माचा कागद आहे, तो बाबा लोखंडी कपाटात ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत." तिला रडू येत नव्हतं. बेरीज करून दाखवावी तसं ती सांगत होती. "आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात दुसरा कागद आहे. त्यावर बाबांची सही आहे. तुझ्या नावापुढं नुसती रेघ आहे."

तो दत्तकाचा कागद होता. सही मी वन्सं आल्यावर करणार होते. रेणूला दोनच महिने सांगायचे असं आमचं ठरलं होतं. ते मी तिला इतक्या वेळा सांगितलं की अलीकडे एकटी असतानाही मी मनात दोनच महिने मोजायचे.

जानूनं झोपेत कूस बदलली. रेणूनं हात पुढे करून उशी परत भिंतीला सारली.

"दोघी झेपत नाहीत ना तुला?" तिनं विचारलं. "आजी म्हणत होती. मग मी जाऊ का? मी मोठीय. मला आकडी पण येत नाही."

तेवढ्यात खैरमोडेकाकांनी बाहेरून हाक मारली. मी आतूनच म्हटलं, सापडली काका. ते म्हणाले, सापडणारच, आणि रस्त्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज परत गेला. त्यामागोमाग वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला.

मी उठले. बॅग उघडली, कागदांचं पाकीट काढलं आणि लोखंडी कपाटात ठेवलं. बॅग तशीच उघडी राहू दिली.

वन्सं आल्या तेव्हा घामानं डबडबलेल्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा खोका. रंगानं सावळ्या, उंच, आवाज नेहमी खाली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. आल्या आल्या त्यांनी कुणी न विचारता सांगायला सुरुवात केली. "वृंदा, पलंगाला कठडा करून घेतला बघ सुताराकडून. तिन्ही बाजूंनी. आणि समोरच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय, रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी उघडतील. तू काळजीच करू नकोस. कुठंय आमची बाय?"

"ओट्याखाली झोपलीय," रेणू म्हणाली.

"ओट्याखाली? का गं?"

"मी लपवलीय. तुम्ही नेऊ नये म्हणून."

वन्सं हसायला गेल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या. त्यांनी खोका खाली ठेवला.

"वन्सं, पाणी घ्या," मी म्हटलं.

"पाणी घेते. आधी सांग."

मी पदराला हात पुसले. खरचटलेला तळहात चुरचुरला. "मी सही करत नाही."

त्या पाटावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भाऊ तर हो म्हणाला होता."

"मीही म्हणाले होते. त्यांना मी सांगेन. तुमचा काही दोष नाही यात."

"दोषाचं कोण बोलतंय." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आकडी परत आली तर? इथं काय आहे तुमच्याकडं? कालवा आणि कबुतरं."

"येईल. तेव्हा घाबरेन मी. गाडी करून तुमच्या समोरच्याच डॉक्टरांकडे आणेन. तुमच्या घरी राहीन चार दिवस, दोघींना घेऊन. पण द्यायची म्हणून नाही देणार."

"सहा महिने तरी ठेव माझ्याकडं. कागद नको."

"सहा महिन्यांनी मी न्यायला येईन, तेव्हा तुम्हाला जास्त लागेल, वन्सं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सासरी आल्यापासून मी त्यांच्याशी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. बाईनं नणंदेशी बोलावं तसं गोल, गोड बोलायचे मी. चुलीवर दूध उतू जाईल की काय अशा लक्षानं प्रत्येक शब्द बघून.

"वर्षभरानं विचारलं तर?" त्यांनी विचारलं. आवाज आणखी खाली गेला होता. "नुसतं विचारलं तर? तुझं मन बदलेल?"

हो म्हणणं फार सोपं होतं. बघू म्हणणं त्याहून सोपं. त्या तेवढ्यावर वर्ष काढू शकल्या असत्या, आणि मीही. रेणू पडद्यापाशी बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जानूच्या केसांतला धुळीचा की पिठाचा कण काढत होती.

"नाही बदलणार, वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोनदा. पदरानं आधी मान पुसली, मग डोळे. मग विचारलं, "परत जायला गाडी कितीला?"

"पाचला."

त्यांना ते माहीत होतं. दर वेळी त्याच गाडीनं जायच्या त्या.

"ती उठेपर्यंत बसू का तिच्यापाशी?"

"बसा ना. विचारायचं काय त्यात."

त्या उठल्या, चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि ओट्यापाशी खाली फरशीवर बसल्या. उंच बाई, पाय कुठे घ्यावेत ते त्यांना कळेना. रेणूनं त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग स्वतः सरकली, ज्वारीचं पोतं आणखी थोडं आत ढकललं आणि गोधडीचा एक पदर त्यांच्या बाजूला पसरला. वन्सं त्यावर टेकल्या. हात आत घालून त्यांनी जानूचं पाऊल नुसतं तळहातात धरलं.

त्याला आता सात वर्षं होतील. जानूला आकडी आणखी दोनदा आली, मग थांबली. वन्सं दर दिवाळीला येतात.

त्या दुपारी त्या तिघी खाली तशाच बसून राहिल्या. मी काडी पेटवली आणि त्यांच्या डोक्यावर, ओट्यावर, चहा ठेवला.